राबाचा धूर आणि पोरांचा दमा
(कासू येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



आज भाताच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते बोलूच. पण त्याआधी पोरांच्या दम्याचा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. रात्री दोन वाजता पोराची छाती घरघरू लागली, की भाव सुचत नाही. गाडीभाडे, औषध, दुसऱ्या दिवसाची बुडालेली मजुरी. हा खर्च भाताच्या उत्पादनखर्चात कोणी धरत नाही.

दम्यात फुप्फुसातल्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात. काही खुपले, की त्यांचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास अडकतो. मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. प्रवृत्ती बहुधा घराण्यातून येते. ठिणगी मात्र पुष्कळदा बाहेरून पडते. साधी सर्दी ही सर्वांत मोठी ठिणगी. तिच्या जोडीला धूर, धूळ आणि पावसाळ्यात भिंतींवर, गोधड्यांत वाढणारी बुरशी.

कासूला महामार्ग खेटून आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटले तरी रेंगाळले. एका अंगाला वडखळ-डोलवी, दुसऱ्या अंगाला नागोठणे, असा कारखान्यांचा पट्टा. अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशाने २००९ साली घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली शिफारस १० वरून ५ वर आणली. आमच्या गावची हवा मोजा आणि आकडे चावडीवर लावा, असे सरकारला ठणकावून सांगितलेच पाहिजे.

पण सांगण्याआधी स्वतःच्या शेताकडे पाहू. उन्हाळ्यात आपण शेण, पालापाचोळा, कवळ, पेंढा रचून राब भाजतो. आम्ही शेतकी शिकलेली माणसे राबाला अडाणीपणा म्हणणार नाही. तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते, रोप सहज उपटते. पण थंड सकाळी तो धूर जमिनीलगत साचतो, आणि तिथेच आपली पोरे खेळतात. कारखान्याच्या धुराविरुद्ध मोर्चा काढायचा आणि आपल्या धुराला परंपरा म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही.

यावर वाट आहे. चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळतात. राब भाजावा लागत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात पद्धतीत गादीवाफ्यावर थेट टोकण करतात; रोपवाटिकाच नाही, मग राब कशाला? त्यात तणनाशक लागते, म्हणून फवारणीच्या दिवशी दम्याचे पोर लांब ठेवा. सगळे शेत एकदम बदलू नका. चार गुंठे करून पाहा. आपल्या खार जमिनीत काय जमते, ते आपणच ठरवू.

घरातही धूर आहे: चूल, विडी, डासांची अगरबत्ती, बाळंतघरातली धुरी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पण रिकामे सिलिंडर भरायला पैसे लागतात, हे आम्ही जाणतो. निदान चूल पेटलेली असताना दम्याचे पोर तिथे नको. धुरी तर बंदच करा.

औषधाच्या पंपाची सवय लागते, ही भीती सोडा. पंपातले थोडे औषध थेट छातीत जाते; म्हणून गोळ्यांपेक्षा तो बरा. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप बरे वाटले म्हणून परस्पर थांबवू नका. पोराला एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका; १०८ ला फोन करा.

सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी सेझला जमीन द्यायची की नाही, यावर मतदान केले. त्यात आपल्या पेण तालुक्यातली गावे होती. जमिनीसाठी आपण एवढे जागे झालो. त्या जमिनीवर वाढणाऱ्या पोरांच्या श्वासासाठीही जागे होऊ. आज तीन ठराव मांडतो: गावात हवा मोजण्याची मागणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांचे पंप आणि ते देण्याची नळी कायम असावी, ही दुसरी मागणी, आणि येत्या हंगामात प्रत्येक पाड्यात एक तरी वाफा राबाशिवाय. पहिले दोन सरकारने करायचे आहेत. तिसरा आपल्या हातात आहे. तिथून सुरुवात करू.