परत आलेले अपील
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला माझीच एक चूक आपल्यापुढे मांडावयाची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तोफखान्यात होता. कानांनी अधू होऊन तो जिंतूर तालुक्यातील आपल्या गावी परतला. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा त्याचा अर्ज नामंजूर झाला, म्हणून त्याने अपील केले. पुढे एक इंग्रजी पत्र आले. ते वाचून मी म्हणालो, “बाबा रे, संपले सारे.” वस्तुतः अपील फेटाळलेले नव्हते, अधिक पुरावा मागवून प्रकरण फेरतपासणीस पाठविलेले होते. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे उमगले, तोवर आठ महिने लोटले होते. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर विसंबून त्या घराने आशा सोडली होती.

बंधूंनो, परत येणे म्हणजे पराभव नव्हे. वीरपाल सिंग यांस १९७७ साली आजाराच्या कारणावरून सैन्यातून कमी केले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे ठेवावयास लावले. त्याच वर्षी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच मानावे, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकू नये. २०२३ मध्ये नवे नियम आले आहेत. तेव्हा आपणांस कोणते नियम लागू होतात, हे आधी विचारून घ्यावे.

या निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः दोन गोष्टी पाहतात : अपंगत्व किमान २० टक्के असावे, आणि ते सेवेमुळे आलेले वा सेवेत वाढलेले असावे. दुसरी गोष्ट कागदांवाचून सिद्ध होणे कठीण. म्हणून भरतीचे व सेवामुक्तीचे कागद, लष्करी इस्पितळाच्या चिठ्ठ्या, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, हे सारे जपून ठेवा. अपिले संपली तरी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या इस्पितळातील चिठ्ठ्या त्याच्या पत्नीने ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत जपल्या होत्या. त्या आता पाठविल्या आहेत. निकाल लागावयाचा आहे.

आपल्या ज्ञातीतील शिकलेल्या तरुणांना माझी विनंती एवढीच की, माजी सैनिकाच्या घरी आलेले पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि न कळल्यास “कळले नाही” असे म्हणावे. मी तेवढे म्हटले असते तर त्या घराचे आठ महिने वाचले असते.

इतके बोलून मी आपली रजा घेतो.