स्कॅनच्या आधीचा प्रश्न



आभारांना राखून ठेवलेला वेळ मी आज प्युडेंडल नर्व्हला देणार आहे. पदाधिकारी समजून घेतील.

सहा महिन्यांहून अधिक काळ ओटीपोटात किंवा त्याच्याही खाली दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल, लघवीच्या कल्चरमध्ये काही नाही, लॅप्रोस्कोपीही करून झाली, अशी बाई या सभागृहातल्या बहुतेकांकडे येऊन गेली असेल. तिची फाइल जाड होत जाते आणि शेवटी कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देतं, नाहीतर गर्भपिशवी काढायची तारीख. ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, होता, गरिबी होती, डॉक्टरांचा गल्लाही होता. ती सगळी गोष्ट निदानाची नाही. पण ‘दुखतंय ना, मग काढून टाकू’ हे शहरातल्या वातानुकूलित दवाखान्यांतही ऐकू येतं. पुरुषाला प्रोस्टेटायटिसचं लेबल लावून अँटिबायोटिकच्या कोर्सवर कोर्स देतात, एवढाच फरक.

यांतल्या काहींचं दुखणं प्युडेंडल नसेचं असतं. सेक्रमच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून निघालेली ही नस ओटीपोटाबाहेर पडते, इशियल स्पाइनला वळसा घालून दोन लिगामेंटांच्या फटीतून पुन्हा आत शिरते आणि ऑल्कॉकच्या कॅनॉलमधून पुढे जाते. चिमटायला जागा भरपूर. पण सोनोग्राफी आणि साधा पेल्व्हिक एमआरआय गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय बघतात. नस कुणी मागितलेलीच नसते.

न्यूरोग्राफी, म्हणजे खास नस दाखवणारा एमआरआय, ती मागते. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फिलर आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र मांडलं. चरबीचा सिग्नल दाबायचा, पातळ छेद घ्यायचे, जमल्यास ३ टेस्लावर, आणि उजवी-डावी बाजू शेजारी ठेवून पाहायची. सुजलेली नस जाड आणि उजळ दिसते, भोवतालची चरबी पुसट होते. सायटिक नर्व्हवर बसलेला एंडोमेट्रिओसिसही कधी असाच हाती लागतो.

आता माझ्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना न आवडणारं बोलतो. ही नस जेमतेम काही मिलिमीटरची, आणि तिला खेटून रक्तवाहिन्या. शीर उजळली की नस सुजली असं लिहिण्याचा मोह होतो. शिवाय चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास कोन झाला की निरोगी नसही चमकते. म्हणून ‘पेल्व्हिक पेन, न्यूरोग्राफी करा’ एवढ्याच चिठ्ठीवर आलेला रिपोर्ट मी फारसा मानत नाही. तो नॉर्मल असला तरीही नाही. वेदना असून फिल्म स्वच्छ असू शकते.

या नसेच्या दुखण्याच्या निदानासाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले नांत निकष मुख्यतः बोलण्यातून आणि तपासणीतून येतात. दुखणं त्याच नसेच्या हद्दीत, बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं. तपासताना बधिरपणा सापडत नाही. आणि नर्व्ह ब्लॉक दिला की आराम. इमेजिंग त्यांत अनिवार्य नाही. कमोडवर बसल्यावर बरं वाटतं का, हाही पुस्तकातला प्रश्न. भारतीय संडास वापरणाऱ्या बाईला तो विचारून काय मिळणार? तिला विचारा, एसटीत बसून तालुक्याला जाता येतं का, की उभ्यानेच जावं लागतं. ओपीडीच्या गर्दीत यालाही वेळ नसतो म्हणतात. त्याच ओपीडीतून काही हजारांचा एमआरआय लिहायला वेळ असतो.

तुमच्या पिशवीत न्यूरोग्राफीसाठीच्या चिठ्ठीचा एक नमुना ठेवला आहे. दुखण्याची बाजू, बसण्याशी संबंध, झोप, बाळंतपणं, आधीच्या शस्त्रक्रिया, ब्लॉक दिला असल्यास त्याचा परिणाम, आणि बाईने स्वतः बोट ठेवून दाखवलेली जागा, एवढं त्यात भरायचं. माझ्या मते तो अजून लांबट आहे. दुपारच्या सत्राआधी खोडून, सुधारून मंचावर आणून द्या. संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत तो मताला टाकू.