तोंड आले आहे



‘तोंड आले आहे’ ही तक्रार कुटुंबाच्या डॉक्टरांकडे नित्य येते. बहुतेकांना ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या व मलम पुरते. आठ-दहा दिवसांत व्रण भरतो. जो तीन आठवड्यांतही भरत नाही, त्याला पुन्हा तेच मलम देणे घातक ठरते. तेथे तुकड्याची तपासणी हवी.

आरंभीचा मुखकर्करोग पुष्कळदा दुखत नाही, ही खरी अडचण. रुग्ण खोकल्यासाठी आलेला असतो. गालाच्या आतला पांढरा वा लाल चट्टा त्याच्या गावीही नसतो. भारतात हा रोग बहुधा गाल आणि खालची हिरडी यांमधल्या खाचेत, म्हणजे तंबाखूचा बार जेथे धरला जातो तेथेच, उद्भवतो. म्हणून जीभ दाबून घसा पाहणे पुरेसे नाही. गाल बाजूला सारून, जिभेच्या कडा व तिच्याखालची जागा बॅटरीच्या उजेडात पाहावी, बोटाने चाचपावी. सुपारी-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी शिरत नसतील, तर आतले अस्तर आखडू लागले आहे असे समजावे.

‘काही व्यसन?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी गृहिणी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. मशेरीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी अशीच तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. यंत्रसामग्री म्हणाल तर उजेड आणि नजर!

मानेतील गाठ म्हणजे क्षय, हे समीकरण या देशात पक्के आहे आणि अनेकदा ते खरेही ठरते. परंतु तंबाखू खाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या मानेत कठीण, न दुखणारी गाठ असेल, तर सुईने तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू करण्यात मोलाचे महिने जातात.

वर्गात बोलून बोलून शिक्षकांचा आवाज बसतो, तो विश्रांतीने सुटतो. तीन आठवडे न सुटणाऱ्या आवाजासाठी मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. कान निर्दोष असूनही एकच कान दुखत राहिला, तर मूळ जिभेच्या बुडाशी किंवा घशात असू शकते. अशा वेळी कानाचे थेंब लांबवू नयेत.