एका रकान्यात न मावणारं

कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरशी आपलं जुनं नातं आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे, यांनी १६९३ साली हे गाव विद्वानांना अग्रहार दिलं. इथं संत श्रीधर अय्यावाळ यांच्या विहिरीत गंगा अवतरली, अशी श्रद्धा आहे. तमिळ कार्तिकातल्या अमावास्येला त्या विहिरीवर आजही स्नानाला गर्दी होते.

अशा या पाण्याच्या मुलखावर २०१६ साली ईशान्य मोसमी पावसानं पाठ फिरवली. कावेरीचं पाणी पुरलं नाही आणि सांबा हंगामाचा भात उभ्या शेतात वाळला. खोऱ्यातून शेतकऱ्यांच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारनं राज्य दुष्काळग्रस्त जाहीर केलं. कारण विचारलं, की एका शब्दात उत्तर मिळे: दुष्काळ.

पण शेजारच्या बांधावरही तोच दुष्काळ होता. तो शेतकरी कसा तगला? आपल्याकडे विदर्भाच्या निमित्तानं अर्थतज्ज्ञ सृजित मिश्र यांनी २००६ च्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. आत्महत्या झालेली १११ घरं आणि त्यांच्या जोडीला इतर शेतकऱ्यांची घरं त्यांनी पाहिली. पहिल्या घरांत कर्ज जास्त, खाणारी तोंडं जास्त आणि दावणीला बैल कमी. त्यात घरातली भांडणं, आजारपण, लग्नाचा खर्च. एकेका माणसाच्या मागे अशी अनेक कारणं निघाली.

आपल्याकडे अशा मृत्यूच्या सरकारी चौकशीला मात्र एकच निकाल द्यायचा असतो: पात्र की अपात्र. सातबारा कुणाच्या नावे, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, यावर मदत ठरते. जमीन सासऱ्याच्या नावावर असली, की विधवेचे हेलपाटे सुरू होतात. कावेरीकाठी देवस्थानाची जमीन कसणाऱ्या कुळाच्या नावावर तर जमीनच नसते.

आत्महत्या रोखण्यासाठी झटणाऱ्या चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेनं निराळा विचार केला. कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नारकोईल भागात, कीटकनाशकं घराबाहेर, गावातल्या सामायिक जागी कुलपात ठेवून पाहिली. फवारणीपुरतं न्यायचं, उरलेलं परत ठेवायचं. अविचाराचा क्षण बहुधा टळणारा असतो. तेवढी सवड मिळाली, तर माणूस वाचू शकतो.

कर्ज आणि पाणी हे सरकारनंच सोडवायचे प्रश्न आहेत. पण शेजारच्या दावणीचा बैल विकला गेला, हे आपल्याला आधी कळतं. त्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. मन मोकळं करायला ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, तो त्याला द्या, स्वतःजवळही ठेवा.