नेमाची प्रार्थना आणि दिवसाचा क्रम

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, पवित्र शास्त्रातला लहानसा उतारा समोर ठेवून देवापुढे एकट्याने बसणे, एवढेच रोजच्या एकांतप्रार्थनेचे स्वरूप. तिची महती ख्रिस्ती मंडळीत कुणी नाकारत नाही. तरीही ती दिवसाच्या धबडग्यात पहिली मागे पडते. म्हणून या विषयात अडचण श्रद्धेपेक्षा क्रमाची अधिक आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कफर्णहूमचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. शब्बाथाचा सूर्य मावळतो आणि सारे गाव दुखणेकऱ्यांना घेऊन शिमोनाच्या दाराशी लोटते. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन व सोबती शोधत येतात. सगळे तुला शोधत आहेत, असे सांगतात. येशू मात्र परत न फिरता जवळपासच्या गावांकडे निघतो. हा दाखला देताना बहुतेकदा पहाटेवर भर दिला जातो आणि दाराशी खोळंबलेली गर्दी विसरली जाते. काम हलके नव्हते, खोटेही नव्हते; तरी त्या सकाळी ते पहिले नव्हते.

प्रार्थनेच्या वेळा बांधून घेण्याची चाल त्याही आधीची आहे. दानिएल दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीपाशी गुडघे टेकत असे. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना रोज तीनदा करण्याची सूचना आहे. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठातला दिवस प्रार्थना, वाचन आणि श्रम यांत वाटून दिला. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो या कार्थुसियन साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या. पण हे सारे मठाच्या भिंतीआड चालले होते आणि तिथे वेळेची आठवण द्यायला घंटा होती. प्रपंची माणसाने काय करावे, हा प्रश्न उरलाच.

त्याला मार्टिन लूथरने दिलेले उत्तर आजही सर्वांत उपयोगी वाटते. विटेनबर्गमधला त्याचा न्हावी पेटर बेस्केन्डॉर्फ याने प्रार्थना कशी करावी असे विचारले आणि 1535 साली लूथरने त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका छापली. तिची सुरुवात उपदेशाने होत नाही. प्रार्थनेची इच्छाच उरली नाही असे वाटते तेव्हा आपण स्वतः काय करतो, ते तो आधी सांगतो: स्तोत्रसंहितेची लहान प्रत उचलायची, खोलीत जायचे किंवा मंडळी जमली असेल तर देवळात जायचे, आणि दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, ख्रिस्ताची वा पौलाची काही वचने लेकरासारखी तोंडाने म्हणायला लागायचे. आधी मन तापेल, मग तोंड उघडू, अशी वाट तो पाहत नाही.

प्रार्थना सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम असावे, हे त्याचे सांगणे. जरा थांबू, तासाभराने करू, आधी हे एवढे उरकून घेऊ, या विचारांपासून तो न्हाव्याला सावध करतो, कारण एका कामातून दुसरे निघते आणि त्या दिवशीची प्रार्थना राहून जाते. लक्ष कसे असावे, हेही तो न्हाव्याच्याच धंद्यातून समजावतो: वस्तरा चालवताना नजर आणि मन दुसरीकडे गेले तर गिऱ्हाइकाचे नाकच काय, गळाही कापला जाईल. पद्धत मोजकी आहे. एकेक आज्ञा घ्यावी आणि तिच्यातून शिकवण, आभार, पापकबुली आणि मागणे असे चार पदर काढावेत. मधेच पवित्र आत्म्याने काही सुचवले तर बाकीचे सोडून ते ऐकावे.

पेटरचे पुढे काय झाले, हे भक्तिपर पुस्तकांत सहसा येत नाही. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास, जेवणाच्या बैठकीत, दारूच्या भरात त्याने जावयाला सुरा भोसकला आणि जावई मेला. लूथर व इतरांनी रदबदली केल्यावर मृत्युदंड टळून हद्दपारीवर निभावले. नित्यनेम पाळणारा माणूस संकटापासून किंवा स्वतःच्या रागापासून आपोआप सुरक्षित होतो, असे सांगणाऱ्यांनी ही हकिगत वगळू नये.

नेम टिकवायला केवळ निश्चय पुरत नाही, हे पुढच्या काळातही दिसले. 1880 च्या दशकात केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांमध्ये ‘पहाटेचा पहारा’, म्हणजे भल्या सकाळी उठून एकांतप्रार्थना, पाळण्याची टूम निघाली. त्यांतल्या एकाने गजराचे घड्याळ मासे धरण्याच्या गळाला जोडून अशी युक्ती केली, की घंटा वाजताच अंगावरचे पांघरूण ओढले जाई. प्रकार हास्यास्पद खरा, पण त्याला स्वतःच्या स्वभावाची पक्की ओळख होती.

जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोरावियन वसाहतीने वेगळी सोय केली. काउंट झिन्झेंडॉर्फने 1728 साली समाजाला रोज एक वचन देण्यास आरंभ केला आणि 1731 पासून वर्षभराची वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली. जुन्या करारातली ही वचने चिठ्ठ्या टाकून निवडतात. आज काय वाचायचे, याचा खल सकाळी करावा लागत नाही. आवडीचेच उतारे पुन्हा पुन्हा वाचण्याची खोडही मोडते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफरनेही हीच वचने जवळ केली. 1935 साली फिंकेनवाल्ड येथे त्याने भावी पाळकांसाठी चालवलेल्या शिक्षणगृहात रोज सकाळी अर्धा तास मूक मनन सक्तीचे होते. आठवडाभर तोच उतारा, काही ओळींचाच, घ्यायचा. त्यातून प्रवचनाची तयारी करायची नाही. पोरे वैतागली. या वेळात करायचे तरी काय, हे कित्येकांना कळेना. कुणी पेंगले, कुणी पाइप ओढत बसले. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थलाही या साऱ्याला मठाचा वास येतो असे वाटले. बोनहॉफरने नेम मोडला नाही, पण अडचण ऐकून एकत्रित मननाची जोड दिली. मन भरकटते या तक्रारीवर त्याचा तोडगा साधा होता: विचार ज्या माणसांकडे आणि घटनांकडे धावतात, त्यांनाच प्रार्थनेत घ्यावे. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, शिक्षणगृह बंद केले. त्यानंतरही विखुरलेल्या विद्यार्थ्यांना परिपत्रकांतून मननाचे उतारे जात राहिले. प्रत्येक जण एकटाच वाचत होता, मात्र तोच उतारा दुसरीकडे कुणीतरी वाचतो आहे, हे त्याला ठाऊक होते.

मराठी-कोंकणी मुलखात हा नेम बराचसा घराने सांभाळला आहे. गोव्याच्या कॅथलिक घरांत सांजेच्या घंटेनंतर घरच्यांनी मिळून तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ, म्हणण्याची रीत आहे. तिथे एकांत कमी, पण वेळ पक्की. एकट्याने वाचायचे तर समजेल असा ग्रंथ हाती हवा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर सामान्य स्त्रीला उमगावे अशा सोप्या मराठीत होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या तोंडी नारायण वामन टिळकांची पदे बसली. पाठ असलेले पद पाणी भरतानाही म्हणता येते.

इथे एक आक्षेप येतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघर सांभाळणारा ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहत असे आणि प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत त्याला भेद वाटत नसे. मग वेगळी वेळ कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण लॉरेन्सभोवती मठाचा सारा नेम चालू होता हे त्यात गाळले जाते. ज्या गृहिणीचा दिवस नळाच्या वेळेवर चालतो किंवा ज्या कामगाराची रात्रपाळी असते, त्यांच्याभोवती असे काहीच नसते. त्यांनी पहाटेचाच हट्ट धरू नये, कारण स्तोत्रांत संध्याकाळ, सकाळ आणि दुपार तिन्ही वेळा प्रार्थनेच्या आहेत. वेळ कोणतीही असो, ती आदल्या दिवशीच ठरलेली असावी.

किती वेळ बसावे, यावर परंपरेत एकमत नाही. लूथर न्हाव्याला एका दिवशी सारे उरकू नये, मन थकू नये, प्रार्थना लांबलचक असण्यापेक्षा वारंवार आणि उत्कट असावी, असे सांगतो. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला मन कोरडे पडलेल्या दिवशी ठरलेल्या तासापेक्षा थोडे जास्तच बसायला लावतो. लूथरच्या न्हाव्याचे गिऱ्हाईक दुकानात थांबलेले आहे, तर इग्नेशियसचा साधक महिनाभराच्या एकांतसाधनेसाठी संसार बाजूला ठेवून आला आहे, हे लक्षात घेतले की दोन्ही सल्ले आपापल्या जागी बसतात.