घर एकच, जिल्हे तीन



मी उदगीरचा. माझे आजोबा बीदर जिल्ह्यात जन्मले, वडील उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मी लातूर जिल्ह्यात. घर मात्र एक इंचही हलले नाही! 1956 ला भाषावार प्रांत झाले तेव्हा उदगीर बीदरमधून निघून उस्मानाबादला जोडले गेले, आणि ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. रेल्वे अजूनही लातूर रोडहून आमच्या गावावरून बीदरलाच जाते. घरात दखनी, शाळेत मराठी, आजोबांच्या पेटीत उर्दू कागद. सरहद्दीवरच्या गावाचे असेच असते.

गावाची ओळख लढाईची. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला हरवले. कुणी ही लढाई हिंदू-मुसलमानांची म्हणून रंगवू लागला, की मी एवढेच विचारतो, भाऊंचा तोफखाना कोणाच्या हातात होता? इब्राहिमखान गारदीच्या. तो आधी निजामाच्याच चाकरीत होता, आणि पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मेला.

1948 बद्दल मात्र आमच्या घरात कुणी फारसे बोलत नाही. आधी रझाकारांचा जुलूम झाला, पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात बीदर होता. त्या धांदलीत माणसे गेली, तसे कागदही गेले. आज कुठेही 'कागद दाखवा' म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

आणि कागद कुठे तयार होतो? जन्म-मृत्यूची नोंद आपल्या नगरपरिषदेत होते. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायचे 18 विषय आहेत. चौदावा कबरस्तान आणि स्मशान, सोळावा जन्म-मृत्यूची नोंद, सतरावा रस्त्यावरचे दिवे, अठरावा कत्तलखाना. ज्या गोष्टींवरून गल्लीत रोज वाद होतो, त्या बहुतेक या यादीत आहेत. आपण मात्र चहाच्या टपरीवर दिल्लीवर दोन तास बोलतो आणि आपला प्रभाग क्रमांक विचारला तर गप्प.

अमेरिकेत डेट्रॉईट शहराने जवळजवळ चारी बाजूंनी वेढलेले हॅमट्रॅमिक नावाचे छोटे शहर आहे, जेमतेम 28 हजार वस्तीचे. 2022 पासून तिथल्या नगरमंडळाचे सहाही सदस्य मुस्लिम होते. आपल्या व्हॉट्सॲपवर त्याचे केवढे कौतुक झाले! मला त्याचे फार वाटले नाही. सगळे सदस्य आपले असले तरी कचरागाडी, पाणी, नळपट्टी तीच राहते. शिवाय याच मंडळाने 2023 मध्ये सरकारी जागेवर समलैंगिकांचा झेंडा लावायला मनाई केली. आपण बहुसंख्य झालो की दुसऱ्या अल्पसंख्याकांशी कसे वागतो, हाही प्रश्न त्यात आहेच.

आपल्याकडे तर बरीच वर्षे सभागृहच नव्हते. आरक्षणाचा खटला चालू राहिला आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले. 2025 च्या डिसेंबरात मतदान झाले. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. म्हणून मैत्रिणींनो, खालाजानला उभे करून कारभार मामूंनी करायचा, हे आता पुरे.

माझी एक फजिती सांगतो. कॉलेजात असताना कबरस्तानाच्या वाटेवर दिवे हवेत म्हणून आम्ही पोरे अर्ज घेऊन थेट आमदारांकडे गेलो. मग जिल्ह्याला. सहा महिने गेले. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनाने हसून सांगितले, 'बाळा, हे काम तुझ्या नगरसेवकाचे.' तिथे अर्ज दिला. मग दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात विचारले, अर्ज कुठवर आला? तीस दिवसांच्या आत उत्तर आले आणि पुढे दिवेही लागले. एक वळण तेवढे अंधारात राहिले, कारण आमच्या अर्जात ते लिहायचेच राहून गेले होते. त्याचा नवा अर्ज माझ्या पिशवीत आहे. सह्या करायला मागच्या बाकापासून सुरुवात करा.