रेडिओचा काकडा

वऱ्हाडातल्या शाळांमधून, गायनवर्गांमधून, भजनी मंडळांमधून आज अकोल्याला आलेल्या माझ्या संगीतशिक्षक बंधुभगिनींनो,

आमच्या लहानपणी, अकोटच्या पुढच्या एका खेड्यात, पहाटे दोन आवाज यायचे. एक जिनाच्या भोंग्याचा, आणि त्याच्याही आधी शेजारच्या गुरुजींच्या रेडिओचा. सहा वाजायला काही मिनिटं असायची. खरखर व्हायची, मग तंबोरा सुरू व्हायचा आणि त्यावर व्हायोलिनची ती चार-पाच सुरांची ओळ, पुन्हा पुन्हा, कोणाला तरी हाक मारावी तशी. आई चुलीपाशी बसलेली असायची. ती म्हणायची, "ऊठ रे बाप्पा, रेडिओचा काकडा झाला." देवळात काकडआरती आणि रेडिओवर ही धून. आईच्या लेखी दोन्ही एकाच जातीची होती. त्यानंतर वंदे मातरम्, मग नागपूर केंद्राच्या निवेदकाचा आवाज. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि सगळ्या वऱ्हाडाची सकाळ त्या धुनेनं उजाडू लागली.

ती धून कोणाची, हा प्रश्न मला वयाच्या चाळिशीपर्यंत पडला नाही. मी संगीताचा शिक्षक. मुलांकडून रागांची लक्षणं पाठ करून घेणारा. रोज कानावर पडणाऱ्या पाच स्वरांचा धनी कोण, हे मी कधी विचारलं नाही. त्याची लाज वाटते, म्हणून आजचा अध्यक्षीय वेळ मी त्या माणसाला देणार आहे.

त्यांचं नाव वॉल्टर काउफमान. जन्म १ एप्रिल १९०७, गाव कार्ल्सबाड. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक देशात आहे. घर ज्यूंचं, मातृभाषा जर्मन. बर्लिनच्या संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते रचना शिकले, ऑपेराच्या वाद्यवृंदात ब्रुनो वाल्टर यांच्या हाताखाली काम केलं. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा प्रबंध लिहिला. पदवी हातात यायची तेवढी राहिली होती. तेव्हा त्यांना कळलं, की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी तरुणांच्या गटाचे पुढारी आहेत. काउफमान यांनी पदवी नाकारली. आपल्याकडे विशारदच्या प्रमाणपत्रावर नावातला एक काना चुकला तरी आपण मुंबईपर्यंत पत्रव्यवहार करतो. या पंचविशीतल्या तरुणानं सगळी पदवीच सोडून दिली.

आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. मुंबईच का, तर इथं यायचा परवाना सहज मिळत होता. कारण एवढं साधं होतं.

इथं थोडं थांबून मला एका जर्मन वाद्यवृंद-संचालकाविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट आपल्या अमरावतीच्या दाराशी येते. रिचर्ड श्ट्राउस. म्युनिचचे, जन्म १८६४. त्या काळी जर्मनीत हयात असलेल्या संगीतकारांमध्ये सगळ्यांत मोठं नाव. मार्च १९३३ मध्ये बर्लिनला ब्रुनो वाल्टर यांचा कार्यक्रम होता. ज्यू म्हणून त्यांना तो करू दिला नाही, आणि त्यांच्या जागी उभे राहिले ते श्ट्राउस. त्याच वर्षी नाझी सरकारनं स्थापलेल्या संगीत संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं. स्टेफान झ्वाइग या ज्यू लेखकानं त्यांच्या ऑपेराची संहिता लिहिली होती. त्यांना श्ट्राउसनी पाठवलेलं पत्र १९३५ मध्ये पोलिसांनी वाटेत फोडलं आणि ते पद गेलं. तरी १ ऑगस्ट १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑलिंपिक गीत त्यांचंच होतं आणि संचालनही त्यांचंच. त्यांची सून ज्यू होती, नातवंडांचं काय होईल या भीतीत ते जगत होते, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं संगीत ऐकताना माझे डोळे भरतात, हेही सांगतो. पण वाल्टर यांच्या जागी ते उभे राहिले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्या १९३६ मध्ये आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला होता. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं हे मंडळ. आपण सगळे त्याला हनुमान आखाडाच म्हणतो. आपल्या मुलांनी जर्मनीत कबड्डी आणि देशी खेळ दाखवले. त्याचा अभिमान अमरावतीकर आजही सांगतात, आणि सांगावाच. मला मात्र त्या वर्षीचे दोन प्रवास एकत्र दिसतात. वऱ्हाडातली मुलं बर्लिनला निघाली होती आणि बर्लिनमध्ये घडलेला एक संगीतकार दोन वर्षांपूर्वीच मुंबईला येऊन पोचला होता.

काय वर्ष होतं ते! जूनमध्ये सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. सप्टेंबरात मुंबईत पंडित भातखंडे गेले. डिसेंबरात 'संत तुकाराम' पडद्यावर आला आणि त्याचं संगीत होतं केशवराव भोळ्यांचं, अमरावतीच्या मातीतल्या माणसाचं. पियानो आणि व्हायोलिनला प्रभातच्या मराठी बोलपटात मानानं बसवणारे केशवराव पुण्यात, आणि तंबोऱ्याला व्हायोलिनशेजारी बसवणारे काउफमान मुंबईत. दोघांचं काम एकाच सुमाराला चाललं होतं, आणि आपल्या अभ्यासक्रमात दोघांनाही एकेक ओळसुद्धा नाही.

ती धून त्याच सुमाराची. राग शिवरंजनी. तुम्हाला काय सांगायचं, भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनी. पाचच स्वर. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, सोबत व्हायोला आणि चेलो. व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजवलं असं सांगतात. पुढे जगभर नाव झालेले संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव, जन्म मुंबईचा, तोही १९३६ चाच. काउफमान १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. अनेकजण दूरदर्शनच्या धुनेशी गल्लत करून रविशंकरांचं नाव घेतात. वर्गात मुलांना सांगताना एवढी दुरुस्ती कराच.

आता मला जे खरं सांगायचं आहे, तिथं येतो. काउफमान यांनी पहिल्यांदा इथलं संगीत ध्वनिमुद्रिकांवर ऐकलं आणि त्यांना ते अजिबात रुचलं नाही. परकं वाटलं, कळेना. मोझार्ट आणि माहलर मुरलेला कान तो. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, या लोकांना संगीत येत नाही. कितीतरी साहेब तसं म्हणून गेले. याच नभोवाणीनं १९४० मध्ये आपल्या पेटीला दार बंद केलं, ते तीसेक वर्षं उघडलं नाही. ज्या वऱ्हाडात अख्ख्या शाळेला मिळून एकच वाद्य असतं आणि ते वाद्य पेटी असते, तिथल्या शिक्षकाला त्या बंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काउफमान यांनी मात्र उलटा विचार केला. हे संगीत माणसांनीच रचलं आहे, त्या माणसांना हृदय आहे, बुद्धी आहे, लाखो लोक ते ऐकून हलतात. मग उणीव त्या संगीतात कशी असेल? ती माझ्यात आहे. असं ठरवून ते शिकायला बसले.

बसले ते चाळीस वर्षं उठले नाहीत. मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली, विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला युरोपीय संगीताचे कार्यक्रम केले, मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं, आणि हे सगळं करता करता वही घेऊन रागांमागे हिंडले. पुढे इंग्लंड, मग कॅनडा. १९४८ पासून विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे ते संचालक झाले. १९५७ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले. १९८४ मध्ये वारले. त्यांचा उत्तर हिंदुस्तानी रागांवरचा मोठा ग्रंथ १९६८ चा, दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ चा. उत्तरेच्या ग्रंथाची मांडणी भातखंड्यांच्या दहा थाटांवर आहे. काउफमान मुंबईत आले तेव्हा भातखंडे त्याच शहरात अंथरुणाला खिळलेले होते. तो ग्रंथ चाळताना मला वाटतं, हा परदेशी माणूस भातखंड्यांच्या उशाशी बसूनच लिहितो आहे.

संचालक म्हणजे कोण, असं मुलं विचारतात. आपल्या बैठकीत संचालक नसतो, म्हणून त्यांना कळत नाही. मी त्यांना हनुमान आखाड्यातलं लेझीम दाखवतो. समोर शिट्टी घेऊन उभा असलेला उस्ताद स्वतः लेझीम वाजवत नाही, पण शंभर लेझमांतली एक मागं पडली तरी त्याची मान तिकडं वळते. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेत हजारो गळे एका लयीत येतात, तिथंही कोणाचा तरी कान सगळ्यांवर असतो. वाद्यवृंदात तर व्यासपीठावर एकटा संचालकच असा, ज्याच्याकडून आवाज निघत नाही. त्याचं काम ऐकण्याचं. काउफमान यांनी तोच कान इथल्या संगीताकडे वळवला, असं मी समजतो.

आणि तो कान फक्त घराण्यांपाशी थांबला नाही. १९४१ मध्ये त्यांनी गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर अमेरिकेतल्या नामांकित संगीत नियतकालिकात लेख लिहिला. १९६० मध्ये बस्तरच्या मुरिया आणि मारिया गोंडांच्या गाण्यांवर पुन्हा लिहिलं. त्या वेळी आपल्यापैकी किती संगीतशिक्षकांना ती गाणी संगीत वाटत होती?

मला वाटत नव्हती. हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

परतवाड्याकडच्या एका शाळेत मी नवा नवा लागलो होतो. वसतिगृहात मेळघाटातल्या मुली होत्या. गायनाच्या तासाला एका कोरकू मुलीला मी म्हटलं, तुझ्या घरचं गाणं म्हण. तिनं म्हटलं. मी पेटीवर तिचा सूर शोधू लागलो. तिचा गंधार माझ्या कोमल पट्टीतही बसेना आणि शुद्ध पट्टीतही बसेना. मध्येच कुठं तरी उभा होता. मी तिला थांबवलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "तुझा गंधार कच्चा आहे, पक्का कर." शुद्ध गंधाराची पट्टी दाबून धरली आणि तिला तो लावायला लावला. पोरगी हुशार होती. पुढच्या आठवड्यात तिनं तेच गाणं शुद्ध गंधारात म्हणून दाखवलं. मी शाबासकी दिली. त्यानंतर वर्षभर तिनं घरचं गाणं म्हटलं नाही.

काउफमान यांची गोष्ट मी वाचली ती यानंतर पंधराएक वर्षांनी. "उणीव माझ्यात आहे" या विचाराशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. तो गंधार मला ऐकू आला. कच्चा नव्हताच तो. तिच्या आईचा, आजीचा गंधार होता, आणि कच्चा होता माझा कान. बाराच पट्ट्यांच्या पेटीवर घडलेला.

मी त्यानंतर धारणीला गेलो. ती कोरकू मुलगी आता तिथं स्वतः अंगणवाडीत शिकवते. ते गाणं तिला आठवत होतं, पण माझ्यासमोर तिनं आधी विचारलं, "गुरुजी, कोणतं म्हणू? तुमचं का आमचं?" मी म्हटलं, तुमचं. पेटी मी नेलीच नव्हती.

म्हणून या संमेलनाकडून मी एवढंच मागतो. पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं आपल्या गावातलं एक गाणं आणावं. जात्यावरचं असो, महादेवाचं असो, तांड्यावरचं असो, कावडीचं असो. राजराजेश्वराच्या कावडीत पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं रात्रभर चालतात. त्या चालण्याची लय कोणी लिहून ठेवली आहे का? जसं ऐकू येईल तसं लिहा. पेटीत बसवू नका. आणि खाली म्हणणाऱ्याचं नाव लिहा, गाव लिहा. काउफमान यांचं नाव आपल्यापर्यंत यायला फार उशीर झाला. टोरंटोच्या कलावंतांनी त्यांच्या रचना वाजवून ध्वनिमुद्रित केल्या, त्या बाहेर आल्या २०२० मध्ये, ते जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर. आपल्याकडे अंगणात दळण दळणाऱ्या बाईचं नाव तर उद्याच पुसलं जाईल.

भाषण इथंच थांबवतो, कारण आता तीन मुली ती धून वाजवणार आहेत. दोघी व्हायोलिनवर आहेत, एक तंबोऱ्यावर. चेलो आम्हाला मिळालं नाही. तंबोरा प्रवासात उतरलाय, तो लावायला पाचेक मिनिटं लागतील. तेवढा वेळ कोणी माईकवर सूचना देऊ नये, अशी संयोजकांना विनंती आहे. दारं तेवढी लावून घ्या. आणि बाळ, तू घाई करू नकोस, षड्ज मिळू दे आधी.